घरात कुणी वारलं तर मुलाला काय सांगायचं, काय वाचून दाखवायचं, आणि कधी

“मुलीचे आजोबा गेलेत. पाच वर्षांची आहे. एखादं चांगलं पुस्तक द्या.” मुलांच्या वाचनालयात ही मागणी वरचेवर येते. तेव्हा उलट एकच प्रश्न विचारावा लागतो: आजोबा वारले हे मुलीला सांगितलंय का? बहुतेक वेळा उत्तर येतं, “नाही ना, म्हणूनच तर पुस्तक हवंय.”

क्रम चुकतो तो इथेच. बातमी सांगायचं काम पुस्तकावर ढकललं जातं, आणि मुलाला कळतं एवढंच की या घरात त्या विषयावर माणसं बोलत नाहीत, पुस्तक हातात देतात. क्रम असा हवा: आधी खरं वाक्य, मग विधींची कल्पना, मग वाचन, मग हातांनी करायच्या गोष्टी, आणि शाळा व सणवारांची तयारी त्याच्या बरोबरीने. खाली दिलेलं साधारण ४ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

तयारी: मुलाजवळ जाण्याआधी

कोण सांगणार ते ठरवा. रोज ज्याच्या हातून मूल जेवतं, ज्याच्याजवळ झोपतं, असा माणूस हवा. नवरा गेलेल्या आईला बोलणं शक्य नसेल तर मावशीने, आत्याने, काकाने बोलावं. आईने नुसतं शेजारी बसावं. रडली तरी चालेल.

मग वाक्य ठरवा आणि ते घरातल्या सगळ्यांना सांगा, अगदी स्वयंपाकाला आलेल्या शेजारणीलाही. आजी म्हणते “देवाघरी गेले”, काका म्हणतो “हॉस्पिटलात आहेत”, समोरच्या काकू म्हणतात “चांदणी झाले”. मूल ही तीन उत्तरं जुळवायचा प्रयत्न करतं, जुळत नाहीत म्हटल्यावर विचारणंच सोडून देतं. मोठ्यांना वाटतं, बरं झालं, विसरलं.

उशीर करू नका. वाचता येणाऱ्या मुलाला चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाचता येतो, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हार घातलेला फोटो तासाभरात येतो. बातमी तुमच्या आधी तिथून कळली, तर पुढच्या प्रत्येक गोष्टीत मूल तुमच्यावर कमी विश्वास ठेवतं.

टप्पा १: खरं वाक्य

मुलाच्या उंचीला बसा. टीव्ही बंद करा. फार प्रस्तावना नको.

“तुला एक खूप दुःखाची गोष्ट सांगायची आहे. आज सकाळी आबा वारले. वारले म्हणजे त्यांचं शरीर काम करायचं पूर्ण थांबलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत.”

एवढं बोलून थांबा. मूल ओरडेल, गप्प बसेल किंवा “मी खेळायला जाऊ?” असं विचारेल. तिन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत. लहान मुलांचं दुःख तुकड्यातुकड्यांनी येतं. दहा मिनिटं रडणं, मग लगोरी, मग रात्री अचानक प्रश्न. त्याला “काही वाटतच नाही” असं पाहुण्यांसमोर म्हणू नका.

हे शब्द टाळा, कारण मूल ते जसेच्या तसे घेतं:

- “झोपलेत”: मग मूल स्वतः झोपायला घाबरतं, आई दुपारी आडवी झाली की तिला हलवून उठवतं.
- “गावाला गेलेत”: मूल वाट बघतं, आणि निरोप न घेता गेले म्हणून रागावतं.
- “देवाला चांगली माणसं आवडतात, म्हणून नेलं”: मग चांगलं वागणं धोक्याचं ठरतं.
- “आजारी होते म्हणून”: एवढ्यावर सोडलं तर पुढच्या सर्दीतापात मूल मरणाची वाट बघेल. “खूप मोठा आजार होता, डॉक्टरांच्या औषधांनीही बरा झाला नाही. तुला होतो तो ताप वेगळा, तो बरा होतो” असं पूर्ण सांगा.

घरात श्रद्धा असेल तर देवाचं, आत्म्याचं जरूर बोला, पण शरीराचं वाक्य सांगून झाल्यावर. उलट क्रमाने सांगितलं तर मूल देवघरात जाऊन आबांना परत मागतं.

तीन प्रश्न बहुतेक मुलांच्या मनात असतात, तोंडावर येतातच असं नाही: हे माझ्यामुळे झालं का? मलाही होईल का, आईला होईल का? आता माझं कोण बघणार? विचारायची वाट न बघता उत्तरं द्या. पहिल्या प्रश्नाचं विशेषतः. पाच ते आठच्या वयात मुलांना खरोखर वाटतं की आपण रागाने “मर जा” म्हटलं म्हणून माणूस मेलं. “तू काही बोललास, केलंस, मनात आणलंस, त्यामुळे हे झालेलं नाही” हे वाक्य पुढच्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा म्हणा. दुसऱ्या प्रश्नाला “मी कधीच मरणार नाही” असं वचन नको. “मी तब्येतीची काळजी घेते, आणि मला खूप वर्षं जगायचं आहे” हे खरंही आहे आणि पुरतंही. तिसऱ्याला नावं सांगा: शाळेत कोण सोडेल, डबा कोण करेल, रात्री जवळ कोण झोपेल.

आत्महत्या किंवा अपघात असेल तर लपवायचा मोह जास्त होतो. तपशील, पद्धत, फोटो यांतलं काहीही मुलापर्यंत जाऊ देऊ नका. पण कारण खोटं सांगू नका, कारण वस्तीतलं एखादं मूल ते सांगणारच. “त्यांचं मन खूप आजारी होतं, त्या आजारात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्यात कुणाचीही चूक नाही, तुझी तर नाहीच” इतकं लहान मुलालाही सांगता येतं. अशा वेळी समुपदेशकाची मदत सुरुवातीपासूनच घ्यावी.

तपासा: दुसऱ्या दिवशी मुलाला विचारा, “आबांना काय झालं, तू सांग बरं.” उत्तरात “येतील” आलं तर टप्पा १ पुन्हा. पाच वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे एकदा सांगून कळत नाही. “कधी येणार?” हा प्रश्न महिनाभर येऊ शकतो. दर वेळी तेच वाक्य, त्याच शब्दांत, न वैतागता.

टप्पा २: पहिले तेरा दिवस

मुलाला या दिवसांत नातेवाइकांकडे पाठवून देणं ही मला सर्वांत महाग पडणारी चूक वाटते. घर गजबजलेलं असतं, मोठ्यांना सुचत नसतं, हे खरं. पण मूल परत येतं तेव्हा माणूस नाही, खाट नाही, कपडे नाहीत, भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, आणि मधलं काहीच त्याने पाहिलेलं नाही.

घरी ठेवा आणि प्रत्येक गोष्टीआधी सांगा की काय दिसेल. “आबांना खाली चटईवर झोपवल्यासारखं ठेवलंय, पण ते झोपलेले नाहीत. नाकात कापूस असेल. अंग गार लागेल. बायका मोठ्याने रडतील. मग त्यांना तिरडीवर ठेवून नेतील.” मग विचारा: बघायचंय का? हो म्हटलं तरी ठीक, नाही म्हटलं तरी ठीक, आणि ऐन वेळी मत बदललं तरीही. पाया पडायची जबरदस्ती नको. मुलासाठी एक माणूस नेमून द्या, ज्याचं दुसरं काहीच काम नाही आणि जो गरज पडली तर त्याला घेऊन बाहेर जाईल.

वडील गेल्यावर लहान मुलाच्या हाताने अग्नी द्यायचा असेल, डोकं भादरायचं असेल, तर ते घाटावर कळू नये. आदल्या रात्री सांगा, आणि मुलाला नको असेल तर काकाने करावं. गुरुजींशी मोठ्यांनी बोलून घ्यायचं असतं. मुलाला त्या वादात उभं करू नका.

काही गोष्टी मोठ्यांना सवयीच्या असतात, पण मूल त्यांचा भलताच अर्थ लावतं. सुतक आहे म्हणून देवाला शिवायचं नाही, यावरून मूल समजतं की आपण घाण झालो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की कुणीतरी म्हणतं, “इच्छा राहिली आहे.” आदल्या आठवड्यात आबांशी भांडलेली नात ते ऐकत असते. कावळा नदीवर माणसांची गर्दी बघूनही येत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. तेराव्याला गोडाचं जेवण वाढलं की मुलाला वाटतं आता सगळ्यांचं रडणं संपलं, आपलंच राहिलं. बौद्ध घरात पुण्यानुमोदन असेल, ख्रिस्ती वा मुस्लिम घरात दफन असेल; तपशील बदलतात, आधी सांगण्याचा नियम तोच.

थांबा: या तेरा दिवसांतच कपडे वाटले जातात, चष्मा, काठी, औषधांचा डबा फेकला जातो. हात लावण्याआधी मुलाला दोन-तीन वस्तू निवडू द्या. तुम्हाला क्षुल्लक वाटणारी निवडेल, सुपारी कातरायचा अडकित्ता किंवा बसचा पास. ती एका पिशवीत नावासह ठेवा. टप्पा ५ मध्ये लागेल.

टप्पा ३: पुस्तक निवडणं

आता पुस्तक. विधी आटोपले, पाहुणे गेले, घर शांत झालं की.

नियम पहिला आणि मोडू नये असा: शेवटच्या पानापर्यंत स्वतः एकट्याने वाचा. मुखपृष्ठावर हसरी आजी आहे म्हणून घेतलेल्या पुस्तकात ती पान १४ वर परत आलेली असू शकते.

वाचताना हे बघा. गेलेलं पात्र गेलेलंच राहतं का? स्वप्नात दिसणं चालेल, जिवंत होणं नाही. रडणाऱ्या पात्राला कुणी “शहाणी मुलं रडत नाहीत” असं सांगतं का? असेल तर ठेवून द्या. गोष्ट शेवटी उपदेशावर घसरते का? तशी असेल तर मूल ती एकदाच ऐकतं.

नातं किती जुळतं हेही बघायचं, आणि इथे माझं मत थोडं उलट आहे. सगळ्यांना हुबेहूब गोष्ट हवी असते: बाबा गेले, तर बाबा गेल्याची. पहिल्या महिन्यात मी ती देत नाही. वाळलेलं झाड, मेलेलं मांजर, म्हातारं कासव यांची गोष्ट मुलाला थोडं लांब उभं राहून बघू देते. हुबेहूब गोष्ट दोन-तीन महिन्यांनी, मुलाने प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर.

‘श्यामची आई’ मोठ्यांना सर्वांत आधी आठवतं. आई गमावलेल्या मुलाला ते पहिलं वर्षभर तरी देऊ नका. आईचं दुखणं आणि मरण त्यात शेवटी सविस्तर येतं, आणि श्याम वेळेवर पोचत नाही. शेवटच्या दिवशी शाळेत असलेल्या मुलाच्या मनात नेमकी हीच खंत असते.

मोठ्या मुलालाही चित्रांचं पुस्तक चालतं. दहा वर्षांच्या मुलाला दुःखात ४० पानं वाचवत नाहीत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या असतात. तिथून चाळायला सुरुवात करा, मग वाचनालयात विचारा. नाहीच मिळालं तर अडून राहू नका. टप्पा ५ मधलं स्वतः केलेलं पुस्तक कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा जास्त वेळा उघडलं जातं.

टप्पा ४: वाचून दाखवणं

झोपायच्या वेळी नको. अंधार, मरणाची गोष्ट आणि मग “आता झोप” हा क्रम वाईट. संध्याकाळी दूध-चहा झाल्यावर, शेजारी बसून. समोरासमोर बसलं की मूल तुमचा चेहरा वाचतं, पुस्तक नाही.

सुरू करण्याआधी सांगून टाका: “या गोष्टीत एक कासव मरतं. वाचू या का?” नको म्हटलं तर पुस्तक हाताला येईल अशा जागी ठेवा आणि विषय सोडा.

वाचताना वेग निम्मा करा. चित्रावर थांबा, मुलाने पान उलटेपर्यंत तुम्ही उलटू नका. “तुला कसं वाटलं?” या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नसतं. पात्राबद्दल बोला:

“ससा इथे कोपऱ्यात का बसला असेल?”
“त्याला राग आलाय.”
“हं. कुणाचा?”
“कासवाचा. सांगितलं नाही त्याने.”
“न सांगता गेलं म्हणून राग आला त्याला.”

इथे थांबायचं. “तुलाही आबांचा असाच राग आलाय का?” असं विचारलं की दार बंद होतं. मूल स्वतः येईल, कदाचित चार दिवसांनी आंघोळ करताना.

वाचताना तुम्हाला रडू आलं तर पुस्तक मिटून पळू नका. “मला आबांची आठवण आली म्हणून रडू आलं. थोड्या वेळाने थांबेल” म्हणा, डोळे पुसा, पुढे वाचा. मोठं माणूस रडतं आणि मग पुन्हा पोळ्या लाटतं, हे मुलाला बघू द्या.

“बघ, ससा कसा लगेच हसायला लागला!” हे वाक्य मात्र कधीही नको.

तपासा: तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतंय? उत्तम. एक ठरावीक पान टाळतंय? टाळू द्या. ऐकताना पोट दुखतं म्हणतंय, रात्री दचकून उठतंय? पुस्तक महिनाभर बाजूला.

टप्पा ५: हातांनी करायच्या गोष्टी

पहिल्या आठवड्यात “आबांना पत्र लिही” सांगणारे उत्साही पाहुणे असतात. पत्र सर्वांत शेवटी. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम ठेवा.

*आधी मोकळा खेळ.* माती, कणकेचा गोळा, रंगीत खडू, रद्दी. विषय देऊ नका. मुलं बाहुलीला तिरडीवर घालतील, “राम नाम सत्य है” म्हणत अंगणभर फिरतील. आजीला धक्का बसेल, तिला आत न्या. मुलांना दटावू नका. पाहिलेलं समजून घ्यायची त्यांची ती रीत आहे. चित्रात काळा रंग फार दिसला म्हणून घाबरू नका, अर्थ लावू नका. “हे काय काढलंस, सांग ना” पुरे.

*मग आठवणींचा डबा,* साधारण महिन्यानंतर. बिस्किटांचा पत्र्याचा डबा चांगला. टप्पा २ मध्ये ठेवलेली पिशवी काढा. काय घालायचं ते मुलाने ठरवायचं. डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवा, माळ्यावर नको.

आवाज जपायला याच वेळी बसा. गेलेल्या माणसाचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप तुमच्या फोनवर असतात; फोन बदलला, बिघडला की जातात. ते वेगळे उतरवून दोन ठिकाणी ठेवा. नंबर रिचार्जविना राहिला तर काही महिन्यांत दुसऱ्याला दिला जातो. बाबांच्या नंबरवर फोन लावून बघणाऱ्या मुलाला अनोळखी आवाज ऐकू येऊ नये, म्हणून हे आधी सांगून ठेवा.

*मग आपलं पुस्तक.* ए-४ आकाराचे ४ कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. १६ पानं होतात. एका बैठकीत एक-दोन पानं, जास्त नाही. विषय असे सुचवता येतील: आबांचे हात कसे होते, ते काय खायचे, कशाने चिडायचे, आम्ही दोघं कुठे जायचो, माझी आणि त्यांची खोडी, ते आजारी पडले तेव्हा, त्या दिवशी मी कुठे होतो. “कशाने चिडायचे” आणि “मला त्यांचं न आवडणारं” ही पानं गाळू नका. आपल्याकडे गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलायचं नसतं, त्यामुळे मार खाल्लेलं किंवा रागावलेलं मूल एकटं पडतं. लिहिता न येणारं मूल बोलेल, तुम्ही त्याच्याच शब्दांत उतरवा. शुद्धलेखन तपासू नका. दोन-तीन पानं कोरी राहू द्या.

*साडीची गोधडी, सदऱ्याची उशी* ही सुंदर कल्पना आहे, पण कापड कापलं की परत जोडता येत नाही. कात्री लावण्याआधी प्रत्येक मुलाला विचारा. काहींना साडीचा वास हवा असतो, ती धुवायलाही देत नाहीत.

*आणि पत्र,* मुलाने “मला आबांना सांगायचंय” असं म्हटलं तर. ते वाचायचा हक्क तुम्हाला नाही.

टप्पा ६: शाळा

मूल परत जाण्याआधी वर्गशिक्षकांना स्वतः भेटा. काय झालं, मुलाला कोणत्या शब्दांत सांगितलंय, आणि रडू आलं तर ते कुणाकडे जाऊ शकतं, एवढं ठरवून घ्या. पूर्ण वर्गासमोर उभं करून दोन मिनिटांची शांतता नको, असंही स्पष्ट सांगा.

वडील गेलेल्या मुलाची अडचण आपल्याकडे रोजची असते. वडिलांचं नाव त्याच्या स्वतःच्या नावात मधोमध असतं. हजेरीत, वहीवर, परीक्षेच्या ओळखपत्रावर. शिक्षकांनी पूर्ण नाव घ्यावं की नाही, ते मुलाला विचारून ठरवावं. ‘माझे बाबा’ या निबंधाला पर्याय हवा. प्रगतिपुस्तकावर सही कोण करणार ते आधीच ठरवा.

मुलाला एक तयार वाक्य द्या आणि घरी म्हणून घ्या: “माझे बाबा वारले. मला आत्ता त्याबद्दल बोलायचं नाही.” चौकश्या करणाऱ्या वर्गमित्राला हे पुरतं. रिक्षावाल्या काकांनाही सांगून ठेवा. अर्धे प्रश्न त्या रिक्षात विचारले जातात.

टप्पा ७: वर्षभराचे दिवस

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा: गेलेल्याचा वाढदिवस, मुलाचा वाढदिवस, पितृपक्षातली तिथी, दिवाळी, वर्षश्राद्ध. प्रत्येकाच्या आठवडाभर आधी मुलाशी बोला.

“यंदा सण नाही” हे मोठ्यांना कळतं, मुलाला शिक्षा वाटते. आकाशकंदील लावणार का, फराळ होणार का, किल्ला करायचा का, हे वसुबारसेच्या बरेच आधी सांगा. मुलाला किल्ला करू द्यावा असं माझं मत आहे. वडीलधाऱ्यांशी तो वाद तुम्ही घालायचा. पितृपक्षात पान वाढताना आबांना काय आवडायचं ते मुलाला ठरवू द्या. डबा आणि पुस्तक या दिवसांत आपोआप बाहेर येतात. कोरी पानं यासाठीच ठेवली होती.

मदत कधी घ्यायची

अंथरूण ओलं करणं, चिकटून राहणं, अभ्यासातून लक्ष उडणं हे पहिले काही आठवडे चालतं. पण महिन्यांमागून महिने जाऊनही झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल, मूल स्वतःलाच दोष देत राहत असेल, मित्र पूर्ण तुटले असतील, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. “मलाही बाबांकडे जायचंय” असं मूल म्हणालं तर त्याच दिवशी शांतपणे विचारा: “म्हणजे तुला मरावंसं वाटतं का?” असं विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही. लहानांना बहुतेकदा नुसतं भेटायचं असतं. उत्तर हो असेल किंवा तुम्हाला शंका असेल, तर मुलाला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. फोन करताना चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: मुलाचं वय, कोण आणि कधी वारलं, मुलाला कोणत्या शब्दांत सांगितलं, आणि काय बदल कधीपासून दिसतोय. मुलाने केलेलं पुस्तक तज्ज्ञांकडे नेताना आधी त्याची परवानगी घ्या. नाही म्हणालं तर घरीच राहू द्या.